सहा आभाळं

आबांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट, म्हणजे अंगठ्याशेजारचं, कुठल्याही कामाला लागत नसे. विजेचं बटण ते मधल्या बोटाने दाबत. मोबाईल डाव्या करंगळीने चालवत, त्यामुळे एक नंबर लावायला त्यांना दोनदा चुकावं लागे. कुणी पत्ता विचारला तर अख्खा तळहात पुढे करत, जणू वाढप्याला 'पुरे' म्हणतायत.

"ह्या बोटाला एकच काम," ते म्हणत. "दुसरं काम दिलं की पयलं इसरतं."

"आणि जेवताना, आबा?" मी एकदा विचारलं होतं.

"जेवताना ते रजेवर."

आणि खरंच, ते भाकरी अंगठा आणि मधल्या बोटाने मोडत. पहिलं बोट ताटाच्या कडेवर बाजूला उभं असे. केडगावला त्यांच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा काकू मला म्हणाल्या, "बघितलं का? ह्यांच्या हातात चार मानसं आनि एक साहेब. दळन ह्यानी आनायचं, पानी ह्यानी भरायचं, आनि साहेब नुसते बसून."

आबा न हसता म्हणाले, "साहेब बसून हायेत म्हनून पगार येतो."

आबा पोलीस खात्यात हवालदार होते आणि आमच्या फायरिंग रेंजवर उस्ताद होते. नेमबाजी शिकवणाऱ्याला तिथे उस्ताद म्हणतात. त्यांना नाव होतं, हजेरीपटावर ते रोज पुकारलंही जाई, पण नव्या शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना आबाच म्हणत. उंची बेताची, पोट नाही, टोपीखाली कानावर पांढरे केस. चालताना ते जमिनीकडे बघत चालत. ती त्यांच्या कामाची सवय होती, ते पुढे सांगते.

आता त्या रेंजवर मी उभी असते. एका तुकडीत चाळीस जण, सकाळी सातपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत. 'भर', 'थांब', 'खाली कर' असं ओरडून घसा बसतो. घरी आले की बूट काढायलाही उठवत नाही. पूर्वी थकवा पायांत यायचा, आता तो डोळ्यांत येतो. दिवसभर चाळीस जणांच्या हातांकडे टक लावून बघायचं म्हणजे डोळे दुखणारच. हातांकडे का बघायचं, हे मी एका दिवशी शिकले. तो दिवस आबांचा होता.

पण आधी रिव्हॉल्व्हरबद्दल सांगायला हवं. आबांची सगळी नोकरी रिव्हॉल्व्हरवर गेली. रिव्हॉल्व्हरला गोळ्यांचं एक गोल चक्र असतं, सहा घरांचं. गोळ्या झाडून झाल्या की ते चक्र बाजूला उघडायचं, दांडी दाबायची, की सहाही रिकाम्या पुंगळ्या तळहातावर पडतात. त्या पुंगळ्या जपून ठेवायच्या असतात. शस्त्रागारातून जितक्या गोळ्या घेतल्या तितक्या पुंगळ्या संध्याकाळी परत द्याव्या लागतात. एक कमी पडली तर सगळी तुकडी गवतात गुडघ्यांवर. आबांनी त्यासाठी काकूंच्या जुन्या लुगड्याची एक पिशवी शिवून घेतली होती, हिरव्या काठाची. एवढ्या वर्षांत त्या पिशवीत पुंगळी कमी भरली नाही, असं ते सांगत. मला त्यात शंका घेण्याचं कारण कधी मिळालं नाही.

पुंगळ्या पिशवीत गेल्या की आबा ते उघडं चक्र आभाळाकडे धरून त्यातून बघत. मग ते शिकणाऱ्याच्या डोळ्यासमोर धरत.

"किती?"

"सहा आभाळं, आबा."

"नीट बघ. सहाच्या सहा?"

"सहाच्या सहा."

"मग खाली."

खाली म्हणजे रिकामं. सहा आभाळं दिसल्याशिवाय त्यांच्या रेंजवरून कुणी रिव्हॉल्व्हर कमरेला लावून परत गेलं नाही. पावसाळ्यात सहा काळी आभाळं दिसत, एप्रिलमध्ये सहा पांढरी. नवी पोरं मागे त्यांची नक्कल करत. कँटीनमध्ये चहाचा रिकामा ग्लास आभाळाकडे धरून "एक आभाळ, खाली!" म्हणत. आबांच्या कानावर ते गेलं होतं. ते म्हणाले, "करू द्या. नक्कल करता करता सवय लागती."

मी भरती होऊन पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभी राहिले तेव्हा माझ्या सहाच्या सहा गोळ्या मातीच्या बंधाऱ्यात गेल्या. कागदाला एकही लागली नाही. मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "बीए हाय ना ती, टेबलावर बसवा." आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. पाथर्डीकडचं आमचं गाव, आईवडील दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. मी आत्याकडे राहून शिकले. ही डिग्री मी सगळ्यांना अभिमानाने सांगत असे आणि आईवडील काय करतात ते विचारलं तर "शेती" म्हणत असे.

आबांनी माझा हात बघितला. मुठीची हाडं पांढरी पडली होती.

"आई काय करती?"

का कोण जाणे, त्यांना मी खरं सांगितलं. "ऊस तोडते."

"मंग तुला कोयता धरता येत आसंल."

"येतो."

"आवळून धरतीस?"

"नाही आबा. आवळून धरला तर दुपारपर्यंत हात मरतो."

"मंग ह्याला का आवळतीस?"

एवढंच. मग त्यांनी रिकाम्या रिव्हॉल्व्हरच्या पाठीवर एक पुंगळी उभी ठेवली आणि म्हणाले, ती न पाडता चाप ओढ. रिव्हॉल्व्हरचा चाप जड आणि लांब असतो, ओढता ओढता हात हलतोच. पुंगळी पडली. त्यांनी उचलून परत ठेवली. परत पडली. आठवडाभर दुपारी जेवणाच्या सुट्टीत हेच. ते रिव्हॉल्व्हरकडे बघत नसत, चांदबिबीच्या महालाच्या डोंगराकडे तोंड करून बसत आणि पुंगळी जमिनीवर वाजली की मागे न बघता म्हणत, "पडली. उचल." आठव्या दिवशी काहीच वाजलं नाही. तेव्हा ते वळले आणि म्हणाले, "आता हात तुझ्या आईचा बरा का तुझा, ते बघू."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'बीए' झाले. बाकीचे टोमणा म्हणून म्हणत, ते हाक म्हणून. "ए बीए, पानी पी. ऊन लई हाय." माझ्या नोकरीतल्या ज्या काही चांगल्या गोष्टी आहेत त्यांची सुरुवात त्या हाकेत आहे. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते डोंगराकडे तोंड करून बसले असते.

मग नवी पिस्तुलं आली. छोटी, काळी, तळहातात मावणारी. चक्र नाही. गोळ्या मुठीत खाली मॅगझीनमध्ये भरायच्या, आणि प्रत्येक गोळीनंतर वरचा भाग, स्लाइड म्हणतात त्याला, आपोआप मागे येऊन पुंगळी बाहेर फेकतो आणि पुढची गोळी आत घेतो. खोक्यांबरोबर इंग्रजी पुस्तकं होती. उस्तादांपैकी एकाला सहा आठवड्यांच्या शिक्षणाला पाठवायचं होतं. सगळ्यांना वाटलं आबा जाणार. आबा साहेबांकडे गेले आणि म्हणाले, "बीएला धाडा. ती विंग्रजी वाचती."

मला तेव्हा फक्त आनंद झाला. आपल्याला पाठवून ते स्वतःची जागा रिकामी करतायत, हे मला सहा आठवड्यांनी परत आल्यावर कळलं. तेव्हा एक कागद माझी वाट बघत होता. यापुढे रेंजवर उभं राहायचं तर नव्या पिस्तुलाची चाचणी पास व्हावी लागेल. जो होणार नाही तो गेटवर, नाहीतर टपालाला. चाचणी घेऊन 'पात्र' की 'अपात्र' लिहायचं काम शिकून आलेल्या माणसाचं, म्हणजे माझं. आबांना निवृत्तीला नऊ महिने राहिले होते.

"नऊ महिनं," आबा म्हणाले. "हितंच काढायचेत. शेवटच्या दिवशी हितनंच टोपी काढून घरी जायाचं. दुसरं काय मागनं न्हाई आपलं."

त्यांनी पिस्तूल हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"ह्येचं चक्र?"

"नाही आबा."

"मंग आभाळ कुठनं बघायचं?"

"आभाळ नाही दिसत. मॅगझीन काढायचं, स्लाइड मागे ओढायची आणि आत बघायचं. मॅगझीन काढलं तरी एक गोळी आत नळीत असू शकते."

त्यांनी आत बघितलं. "अंधार हाय."

"म्हणून करंगळी घालून चाचपायचं."

"करंगळी!" त्यांनी मूठ माझ्यासमोर धरली. पिस्तूल इतकं आखूड होतं की त्यांची करंगळी मुठीबाहेर लोंबत होती. "हिला बसायला जागा न्हाई दिली, आनि कामाला हिलाच लावता व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून आमचा सराव सुरू झाला. तुकड्या गेल्यावर, दुपारच्या वेळी, नागापूरच्या कारखान्यांची पाळी सुटायच्या सुमाराला. रेंजच्या आत पाऊल टाकलं की आबा मला 'उस्ताद' म्हणत आणि सरळ उभे राहत. पहिल्यांदा मला वाटलं चेष्टा करतायत. मी म्हणाले, "आबा, असं नका म्हणू." तर म्हणाले, "हितं जो शिकवतो त्यो उस्ताद. भाईर गेल्यावर बीए." आणि खरंच, फाटकाबाहेर आल्यावर, "ए बीए, ती पान्याची बाटली तुझ्याकडंच ऱ्हायली."

ते शिकणं त्यांना फार जड गेलं. मला वाटलं होतं, एवढी वर्षं रिव्हॉल्व्हर चालवलेला माणूस पिस्तूल दोन दिवसांत शिकेल. पण त्यांना नवं शिकायचं नव्हतं, जुनं सोडायचं होतं. रिव्हॉल्व्हर धरताना ते डावा अंगठा उजव्या मनगटाकडे मागून आडवा टाकत. पिस्तुलाची स्लाइड नेमकी तिथेच मागे येते. दुसऱ्याच गोळीला तिने अंगठ्याची कातडी सोलून काढली. रक्त मनगटापर्यंत आलं. मी पट्टी बांधत होते तर ते म्हणाले, "कुत्रं नवीन हाय. वळख व्हायची हाय."

मला कोयत्यावरून दिलेला धडाही इथे उलटा पडला. पिस्तूल सैल हाताने धरलं तर स्लाइडला पाठीमागून आधार मिळत नाही आणि पुंगळी तोंडातच अडकून बसते. त्यांची तीन वेळा अडकली. "घट्ट धरा, आबा," मी म्हणाले आणि माझी मलाच लाज वाटली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आवळू?" "मनगट आवळा." "बरं, उस्ताद."

चाप हलका होता. त्यांच्या त्या एका बोटाला जड चापाची सवय. ते ओढायला सुरुवात करत आणि गोळी सुटून जाई. "मी सांगायच्या आदीच बोलतंय ह्ये," ते पुटपुटत. त्या बोटाला मी पहिल्यांदा चुकताना बघितलं. संध्याकाळी ते बोट तिळाच्या तेलाने चोळत बसतात, असं काकूंनी मला फोनवर सांगितलं. "साहेबांची तब्येत बरी न्हाई," त्या म्हणाल्या, पण त्यांचा आवाज चेष्टेचा नव्हता.

हे सगळं हळूहळू सुटत गेलं. सुटली नाही ती एकच सवय. गोळी सुटली की आबा उजवीकडे बघत. पिस्तूल पुंगळी उजवीकडे उडवतं, आणि ती कुठे पडली हे बघितल्याशिवाय त्यांना पुढची गोळी झाडताच येत नसे. मान वळली की हात वळे आणि पुढची गोळी कागदाच्या कडेला जाई.

"आबा, पुंगळीकडे बघू नका. नंतर वेचू."

"व्हय, उस्ताद."

गोळी. मान उजवीकडे.

"आबा!"

"आगं, ती त्या बाभळीच्या बुडाला गेली. नंतर सापडनार न्हाई."

चिडून उपयोग नव्हता. एवढी वर्षं हिरव्या काठाच्या पिशवीत एकही कमी न भरलेला माणूस तो. शेवटी मी केडगावच्या बाजारातून एक मच्छरदाणी आणली. दोन बांबूंना बांधून त्यांच्या उजव्या हाताला उभी केली, म्हणजे पुंगळ्या तिच्यात अडकून पडतील.

आबा तिच्याभोवती एक फेरी मारून आले. "पिस्तुलाला डास चावत्यात का?"

पण उपाय चालला. पुंगळी जाळीत पडतेय हे त्यांच्या मानेला पटायला आठ-दहा दिवस लागले. मग मान वळायची थांबली. गोळ्या कागदाच्या मध्याकडे सरकू लागल्या. एका दुपारी पाचातल्या चार काळ्या गोलात गेल्या तेव्हा ते मच्छरदाणी स्वतः गुंडाळून खांद्यावर टाकून फाटकापर्यंत आले. मला वाटलं, मी त्यांचं ऋण थोडं फेडतेय.

चाचणीच्या दिवशी वारा पडलेला होता. साहेब जीप घेऊन आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघ, आठ महिने राहिलेत त्यांचे. फार ताणू नकोस." मी म्हणाले, "ते पास होतील, सर." मला खात्री होती.

पाच-पाच गोळ्यांच्या चार फैरी. वीसपैकी चौदा लागल्या की पास. पहिल्या तीन फैरींत तेरा लागल्या. शेवटच्या फैरीत एक लागली की झालं. साहेब जीपजवळ फोनवर बोलत उभे होते. मी शिट्टी वाजवली, आबांनी हात उचलले. शेवटची फैर ठरावीक वेळेत झाडायची होती, आणि नव्या चापाला नीट सांगून झाडायचं म्हणून आबा सावकाश झाडत होते. पहिली गोळी काळ्या गोलात गेलेली मला इथूनच दिसली. चौदा. मग आणखी आवाज झाले. वेळ संपली, मी शिट्टी वाजवली, "खाली कर" म्हणाले आणि आनंदाने टार्गेटकडे एक पाऊल पुढे टाकलं. दुसरी कुठे लागली, तिसरी कुठे, ते बघायला.

शस्त्र खाली झाल्याचं बघितल्याशिवाय रेषेच्या पुढे पाऊल टाकायचं नाही, हे रेंजवरचं पहिलं शिक्षण. ते मला आबांनीच दिलं होतं.

मागे काय झालं ते मला नंतर जुळवावं लागलं. आबांनी चारच गोळ्या झाडल्या होत्या. त्यांना वाटलं पाच झाल्या. आयुष्यभर त्यांची मोजणी पुंगळ्यांवर होती. तळहातावर पडलेल्या सहा, नाहीतर डोळ्यांनी गवतापर्यंत पोचवलेल्या पाच. पुंगळीकडे बघू नका असं मी त्यांना शिकवलं, आणि त्यांची मोजणी मोडली. शेवटची गोळी गेली की पिस्तुलाची स्लाइड मागेच उघडी राहते. ती पुढे होती. ती खूण त्यांच्या अंगात मुरलेली नव्हती, आणि ती जिने बघायची ती मी टार्गेटकडे बघत होते.

त्यांनी मॅगझीन काढलं. त्या मॅगझीनच्या दोन्ही बाजूंना ओळीने बारीक भोकं असतात, आत किती गोळ्या आहेत ते दिसावं म्हणून. आबांनी ते आभाळाकडे धरलं. सगळ्या भोकांतून उजेड आला. एवढी वर्षं ज्याची वाट बघायची सवय होती ते त्यांना दिसलं. मग पिस्तूल समोर जमिनीकडे धरून, शस्त्र खाली झाल्याची खात्री म्हणून शेवटी रिकामा चाप ओढायचा असतो तसा त्यांनी ओढला.

आवाज झाला. माझ्या बुटापासून दोन हातांवर मुरूम उडाला. बारीक खडे माझ्या पोटरीला लागले.

मी वळले. आबा तसेच उभे होते. एका हातात आभाळाकडे धरलेलं मॅगझीन, दुसऱ्या हातात पिस्तूल, आणि ते एक बोट सरळ ताठ, चापापासून लांब, जणू त्यांचं नसल्यासारखं. नळीच्या तोंडातून बारीक धूर निघत होता.

जीपजवळून साहेबांनी फोनवर हात ठेवून विचारलं, "झालं का?"

"झालं, सर," मी म्हणाले.

साहेब परत फोनवर बोलू लागले. मी मच्छरदाणीतल्या पुंगळ्या काढल्या. वीस. सगळा हिशोब बरोबर होता. कागदावर सोळा भोकं होती. कुणालाही काही विचारण्यासारखं नव्हतं.

आबा बाकावर बसले होते. मी फॉर्म घेऊन शेजारी बसले.

"लिव," ते म्हणाले.

"सोळा लागल्यात, आबा."

"किती लागल्या ते न्हाई. काय झालं ते लिव."

"आठ महिने आहेत. मी समोर असेन. तुम्हाला एकट्याला पिस्तूल देणारच नाही मी."

"आनि पोरं माझ्याकडं बघून शिकत्याल. मी आभाळ दाखवीन, ती आभाळ बघत्याल." त्यांनी फॉर्मवरच्या रिकाम्या ओळीवर तळहात ठेवला. "तू न्हाई लिवलं तर मी लिवीन. माझं अक्षर लई घान हाय. साहेबाला वाचता यायचं न्हाई, परत तुलाच बोलवतील."

मी लिहिलं. 'शस्त्र खाली करताना नळी न तपासता चाप ओढला. अपात्र.' माझी सही केली. त्यांनी खाली त्यांची केली, पेन अंगठा आणि मधल्या बोटात धरून, त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने.

आबा आठ महिने गेटवर बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद करायचं काम. तिथेही त्यांचं चालायचं तसंच चाललं. कुणी पिशवी घेऊन आलं तर ती उघडून उजेडाकडे धरायला लावत. पोरं हसत. मी सकाळी आत जाताना ते उठून उभे राहत. "जय हिंद, उस्ताद." गेट रेंजच्या बाहेर होतं, तिथे ते मला बीए म्हणायला हवे होते. पण त्यानंतर त्यांनी मला बीए म्हटलं नाही. मला ते बोचायचं आणि का बोचतंय हे मला ठाऊक होतं.

फॉर्मवर मी त्यांची चूक लिहिली होती. माझं पाऊल लिहिलं नव्हतं.

रेषेच्या पुढे मी गेले होते. खाली झाल्याचं न बघता. मी जागेवर उभी राहून त्यांच्या हाताकडे बघितलं असतं तर पुढे राहिलेली स्लाइड मला दिसली असती, मी "थांबा" म्हणाले असते आणि ती गोळी सुटलीच नसती. हे लिहिलं असतं तर तीही उस्तादाची चूक ठरली असती, आणि मीही रेंजवर राहिले नसते. मी स्वतःला सांगितलं की फॉर्म त्यांचा आहे, माझा नाही. ते खरंही होतं. तरी रोज गेटमधून जाताना मी मान खाली घालून जात असे.

निवृत्तीच्या दिवशी त्यांना हार घातले, श्रीफळ दिलं. त्यांनी टोपी गेटवर काढली. मला त्या दिवशी तुकडी होती. मी रेंजवरूनच टाळ्या ऐकल्या.

आता माझ्या रेंजवर प्रत्येक जण मॅगझीन काढतो, स्लाइड ओढतो, करंगळी आत घालतो आणि मोठ्याने 'बोट रिकामं' म्हणतो. तोपर्यंत मी जागची हलत नाही. टार्गेटला काय लागलं ते मी सगळ्यात शेवटी बघते. नवी पोरं कँटीनमध्ये चहाच्या ग्लासात करंगळी घालून 'बोट रिकामं' म्हणून माझी नक्कल करतात. मी करू देते.

गेल्या पेरूच्या हंगामात, एका रविवारी, घराची बेल वाजली. मी जाळीच्या दारातून बघितलं. आबा उभे होते. ते आता बेलापूरजवळ त्यांच्या भावाच्या मळ्यावर राहतात. खांद्याला पिशवी, हिरव्या काठाची, पेरूंनी भरलेली. आणि त्यांचं बोट अजून बेलवर होतं. उजव्या हाताचं पहिलं.

मी दार उघडायचं विसरून त्या बोटाकडे बघत राहिले.

"उघड की," आबा म्हणाले. "का आत बी पास लागतो?"

ते बसले. पाणी प्यायले, त्याच बोटाने ग्लासची कड धरून. पेरू टेबलावर ओतले. मोबाईल काढून त्याच बोटाने नातीचा फोटो सरकवत दाखवला. एवढं भराभर की मला बघवेना.

"आबा," मी म्हणाले, "मी माझं पाऊल लिहिलं नव्हतं."

त्यांनी मोबाईल खिशात घातला.

"म्हाईत हाय."

"तुम्ही साहेबांना बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? दोघं बी गेटवर बसून काय केलं आसतं?" त्यांनी एक पेरू उचलून दाबून बघितला आणि माझ्याकडे सरकवला. "रेंजवर कोन ऱ्हायलं आसतं, बीए?"

मी उठून चहा टाकला. चहा झाला. त्यांनी काकूंचा गुडघा, मळ्यातलं पाणी, नातीची शाळा असं सगळं सांगितलं. निघताना दारात चपला घालता घालता थांबले.

"खाली करताना कुठं बघतीस आता?"

"हाताकडे."

"टार्गेट?"

"शेवटी."

"बरं."

रिकामी पिशवी झटकून त्यांनी खांद्यावर टाकली. मी दार लावलं. दोन मिनिटांनी परत बेल वाजली. मी धावत जाऊन उघडलं, वाटलं काहीतरी विसरले.

"काय आबा?"

"काय न्हाई," ते म्हणाले, आणि त्या बोटाने ते बटण आणखी एकदा दाबलं. "उगं."